गाठीची तार

मला राग लवकर येतो, आणि फोन हातात असला की तो त्याहून लवकर टाईप होतो. 'ध्वनिवेडे' या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठाण्यापासून कल्याणपर्यंतची तीनशे बारा माणसं आहेत. घरात बरा अ‍ॅम्प्लिफायर, बरे स्पीकर आणि त्यापायी घरच्यांची बोलणी, एवढं भांडवल असलं की माणूस इथे येतो. आल्यावर त्याला दोनपैकी एका तटात बसावं लागतं. एक तट भाविकांचा. यांना स्पीकरची तार बदलली की गाणं बदललेलं ऐकू येतं. दुसरा आम्हा संशयखोरांचा. आमचं म्हणणं एकच, मोजून दाखव, नाहीतर न बघता ओळखून दाखव. संशयखोरांत बाई मी एकटी आणि आवाज माझाच सगळ्यात मोठा. कोलशेतच्या एका कारखान्यात मी मोजमापाची यंत्रं तपासते. दुसऱ्यांचे काटे बरोबर आहेत की नाहीत हे सांगण्याचाच मला पगार मिळतो, त्यामुळे नाक जरा वर असतं, हे कबूल करते.

भाविकांचा म्होरक्या ऋतुराज. डोंबिवलीचा, पस्तिशीतला, बँकेत नोकरीला, बोलायला अगदी गोड. मार्चमध्ये त्याने स्वतःच्या हाताने स्पीकरच्या तारा बनवल्या. चांदीचा मुलामा दिलेलं तांबं, आतले दोन्ही पदर सारखेच पांढरे, वरून काळी जाळी आणि जाळीवर छापलेले बाण. बाणाच्या दिशेने वीज गेली तरच म्हणे सूर मोकळा होतो. तारा जोडल्या त्याच संध्याकाळी त्याने ग्रुपवर लांबलचक निबंध टाकला. गायक भिंतीतून बाहेर आला, खोली हॉलएवढी झाली, ढोलकीचा फुगवटा जाऊन ती नेमकी झाली, वगैरे. चार भाविक त्याच्या घरी जाऊन ऐकून आले आणि त्यांनीही माना डोलावल्या.

मी लिहिलं, उरलेली चांदी ताटाला लाव, आमटीसुद्धा गोड लागेल. त्यावर नऊ दिवस भांडण चाललं. शेवटी ग्रुपची अ‍ॅडमिन क्षिप्रा, जी दोन्ही तटांना सारखीच वैतागलेली असते, तिने पैज ठरवून टाकली. ऋतुराजच्याच घरी, त्याच्याच स्पीकरवर, पडद्यामागे तारा बदलायच्या. एकदा त्याची, एकदा साधी, कधी कुठली ते नाण्याने ठरवायचं. दहापैकी नऊ वेळा त्याने बरोबर ओळखलं तर मी ग्रुपवर 'मी चुकले' असं लिहायचं, ते सगळ्यांत वर वर्षभर राहील, आणि तारांबद्दल मी वर्षभर तोंड उघडायचं नाही. नाही ओळखलं तर हे सगळं त्याने करायचं. मी लगेच हो म्हटलं. चव्वेचाळीस वर्षांत मी ते दोन शब्द कुणाला लिहून दिले नव्हते.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्यांची आहे.

माझे बाबा दामाजी, वय चौऱ्याहत्तर. आम्ही कळव्याचे कोळी. खाडीतली मासळी सरत गेली तेव्हा बाबांनी होडी विकली आणि लाऊडस्पीकर घेतले. गावातल्या हळदी, लग्नं आणि मुख्य म्हणजे गावदेवीची जत्रा, चाळीस वर्षं सगळा आवाज त्यांचाच. जत्रेत देवीच्या मंडपाशेजारी एका टेबलावर त्यांचं मशीन असायचं आणि त्यामागे लोखंडी खुर्चीवर ते. ती खुर्ची गावात दुसरं कुणी वापरत नसे. गेल्या जत्रेत मात्र माईक शिट्टी मारायला लागला आणि बाबांना ती ऐकूच आली नाही. लोक कानांवर हात ठेवून उभे आणि बाबा शांतपणे पुढचं गाणं शोधतायत. म्हणून मी त्यांचे कान तपासून घेतले. तपासणीचा आलेख हातात आला, उजवीकडे रेषा घसरगुंडीसारखी खाली आलेली. जत्रा कमिटीच्या पोपटशेठनी फोन करून विचारलं, दिपिका, तू शिकलेली आहेस, खरं काय ते सांग. मी म्हटलं, कान गेलेत त्यांचे, कागदावर आहे.

त्यांनी यंदाच्या जत्रेचं काम कल्याणच्या एका डीजेला देऊन टाकलं. मी फोनवर बोलत होते तेव्हा बाबा ओटीवर तारा गुंडाळत बसले होते. काम गेल्याचं कळल्यावर त्यांनी फक्त "बरं" म्हटलं. मग मशीन माळ्यावर चढवलं, त्यावर आईची जुनी साडी टाकली आणि त्या दिवसापासून ते नुसते बसायला लागले. जत्रा तीन आठवड्यांवर आली होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते तिथे इतरांसारखे सतरंजीवर बसणार होते. मला वाईट वाटत होतं, पण आपण काही चुकीचं केलं असं वाटत नव्हतं. कागद खोटं बोलत नाही, हेच मी आयुष्यभर शिकले होते.

पैजेसाठी पडद्यामागे तारा बदलणारा माणूस हवा होता. तो असा हवा की ज्याला फरक ऐकूच येणार नाही, म्हणजे नकळत खोकून, हसून, हळू-जोरात पिना खुपसून तो कुणाला इशारा देणार नाही. मी बाबांना सरळ सांगितलं की तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून तुम्हीच बरे. आज ते वाक्य आठवलं की मला स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते. बाबा म्हणाले, "चल." साधी तारही त्यांनीच माळ्यावरून काढली. जत्रेतली जुनी, दोन पदरांची, आणि एका पदराला दोन्ही टोकांपाशी गाठ. ही त्यांची चाळीस वर्षांची पद्धत. गाठीचा पदर नेहमी लाल खिट्टीला, मशीनच्याही आणि स्पीकरच्याही. मंडपात अंधार असो, घाई असो, बोटांना गाठ लागली की चूक होत नाही. मी त्यांना फक्त एक नियम घालून दिला. दहावी फेरी संपेपर्यंत काही झालं तरी एक शब्द बोलायचा नाही.

रविवारी गाडी करून निघालो. शीळफाट्याला तासभर अडकलो, आणि पूर्ण वेळ बाबा तारेचं भेंडोळं मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होते. ऋतुराजच्या घरी क्षिप्रा आणि ग्रुपमधले दहाबारा जण आधीच जमले होते. साधी तार बघितल्यावर ऋतुराज हसून म्हणाला की काका, गाठ मारलेल्या तारेतून सूर गळा आवळूनच येणार. सगळे हसले. बाबाही हसले. मला मात्र त्याचा राग आला आणि मी पिशवीतून आवाज मोजायचं मीटर काढलं.

तयारी मी नेहमीसारखी चोख केली. दोन तारांवर आवाज एकसारखा हवा, नाहीतर जास्त मोठा वाजतो तोच माणसाला गोड वाटतो. ऋतुराजच्या खुर्चीत मीटर ठेवलं. आधी डावा स्पीकर एकटा वाजवला, मग उजवा एकटा. त्याच्या तारेवर, मग आमच्या तारेवर. चारही वेळा एकच आकडा. मी तो सगळ्यांना फिरवून दाखवला, फोटो काढायला लावला. बाबा पडद्यामागे गेले, नाणं खिशात आणि चिठ्ठ्या लिहायला पेन्सिल. गाणं ऋतुराजनेच निवडलं, एक गायक आणि साथीला ढोलकी.

पहिली फेरी. ऋतुराज डोळे मिटून बसला, दहा सेकंदांत म्हणाला, "माझी." दुसरी, "साधी." तिसरी, "साधी." क्षिप्रा लिहून घेत होती. तो अजिबात अडखळत नव्हता, आणि चौथ्या फेरीला मी त्याच्याकडे बघणं सोडून स्वतःच डोळे मिटले. कारण फरक मलाही ऐकू येत होता. एका तारेवर ढोलकी ढोलकीसारखी, दुसरीवर तिच्यातला दम गेलेला आणि गायक चारी भिंतींत पसरलेला. मी स्वतःला सांगत राहिले की हा मनाचा खेळ आहे, मी थकले आहे. सहाव्या फेरीला स्वतःला सांगणं थांबवलं.

दहा फेऱ्या झाल्या. क्षिप्राने पडद्यामागून चिठ्ठ्या मागवल्या आणि आपल्या वहीशी ताडून बघितल्या. दहापैकी दहा. भाविकांनी जो गलका केला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. कुणीतरी पेढ्यांचा डबा फोडला, कुणीतरी माझा पडलेला चेहरा शूट करून ग्रुपवर टाकला. ऋतुराजने मात्र मला खिजवलं नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दिपिकाताई, दोनच शब्द."

मी फोन काढला. वीस वर्षं ज्या गोष्टीवर माझा विश्वास होता तीच चुकीची निघाली होती. मी 'मी' टाईप केलं. तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला.

"दिपे, झाल्या ना गो धा? आता बोलू का?"

बाबा बाहेर आले. हात पुसत ऋतुराजच्या खुर्चीशी उभे राहिले आणि त्याची तार चालू करायला सांगितली. गाणं सुरू झाल्यावर त्यांनी विचारलं की गाणारा कुठे उभा आहे ते बोटाने दाखव. ऋतुराज म्हणाला, तो सगळीकडे आहे काका, तेच तर सौंदर्य आहे.

"मानूस एका जाग्यावर उभा राहून गातो, बाला," बाबा म्हणाले. "सगलीकडं उभा राहतो ते भूत. तुझी एक तार उलटी हाय."

मग तीनचार भाविक एकाच वेळी बोलायला लागले, एवढ्या भारी तारेला काका काय म्हणतायत, मंडपातलं वेगळं आणि हे वेगळं. बाबांनी कुणाशी वाद घातला नाही. एसीच्या रिमोटमधला एक सेल काढून मागितला. ऋतुराजच्या दोन्ही तारा अ‍ॅम्प्लिफायरमधून सोडवल्या, स्पीकरच्या तोंडावरचं कापड काढायला लावलं आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. उजव्या तारेची लाल पिन सेलच्या वरच्या टोकाला, काळी खालच्या टोकाला. स्पीकरमधून टक्क आवाज झाला आणि त्याचा काळा पडदा पुढे आला. मग तसंच डाव्या तारेचं. टक्क. पडदा आत गेला.

बाबांनी हे तीन वेळा केलं. उजवा पुढे, डावा आत. मग आपली गाठीची तार लावली. दोन्ही पुढे.

यात समजायला कठीण काही नाही. दोन स्पीकरनी एकदमच हवा पुढे ढकलायची असते. एक ढकलतोय आणि दुसरा ओढतोय, असं झालं तर ढोलकीचा खर्ज दोघांच्या मध्येच मरतो आणि गायकाला उभं राहायला जागा उरत नाही. त्या मेलेल्या खर्जालाच ग्रुपवर 'नेमकी ढोलकी' म्हटलं गेलं होतं आणि बेघर झालेल्या गायकाला 'हॉलएवढी खोली'. फरक होता, शंभर टक्के होता. फक्त भारी तार चुकीची वाजत होती आणि जत्रेतली बरोबर.

ऋतुराज जमिनीवरच बसला. मग त्याला आठवलं. डावी तार पूर्ण झाल्यावर त्याच्या लक्षात आलं होतं की जाळीवरचा बाण स्पीकरकडून अ‍ॅम्प्लिफायरकडे चाललाय. दिशा चुकायला नको म्हणून त्याने दोन्ही टोकं कापली, तार फिरवली आणि पिना नव्याने डाख देऊन, म्हणजे सोल्डर करून, बसवल्या. आतले दोन्ही पदर पांढरे. एका टोकाला लालच्या जागी काळी गेली. बाणाचा मान राखायला त्याने गायकाला घराबाहेर काढलं होतं.

मला इतका आनंद झाला की मी टाळ्या पिटल्या, अगदी एकटीने. आणि टाळ्या वाजवता वाजवताच माझं लक्ष माझ्या मीटरकडे गेलं. मी दोन्ही स्पीकर वेगवेगळे मोजले होते. उलटा स्पीकर एकटा वाजला तर तोच आकडा दाखवणार, त्याचा उलटेपणा जोडीदाराशिवाय कळत नाही. हे मला माहीत होतं. कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मी त्याचा कागद फाडून तोंडावर फेकला असता. भाविक आपल्या बाणाला भुलले होते आणि मी माझ्या आकड्याला.

मी बाबांना विचारलं की तुम्हाला कितव्या फेरीला कळलं. ते म्हणाले, पहिल्याच. मग इतका वेळ गप्प का बसलात, असं मी विचारलं.

"तूच बोललीस ना, बोलायचं नाय," ते म्हणाले. मग त्यांनी पुढे सांगितलं, "शिट्टी मना ऐकू येत नाय, ता खरा हाय. ढोलकी येते गो."

मला भयंकर लाज वाटली, आणि त्या लाजेइतकाच अभिमान वाटला. त्या आलेखावर डावीकडचा अर्धा भाग, खालच्या सुरांचा, अगदी सरळ होता. मी पडलेली रेषा तेवढी वाचली होती.

ऋतुराजने तिथेच डाख द्यायची कांडी तापवली आणि डाव्या तारेच्या पिना बदलल्या. सेल लावून बाबांनी खात्री केली. मग त्याने गाणं लावलं, आणि गायक दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये येऊन उभा राहिला, ढोलकी त्याच्या पायाशी. ऋतुराजचे डोळे भरून आले. स्वतःच्या घरात आपले स्वतःचे स्पीकर तो महिन्याभराने पहिल्यांदा धड ऐकत होता.

परत दहा फेऱ्या करायच्या ठरल्या. या वेळी तो प्रत्येक फेरीला अडखळला. सहा फेऱ्यांत तीन बरोबर, तीन चूक. सातव्याला तो उठला आणि म्हणाला, "मला नाही कळत." कुणी सांगायच्या आत त्याने फोन काढला, ग्रुपवर 'मी चुकलो' लिहिलं आणि क्षिप्राने ते सगळ्यांत वर लावलं. त्याखाली मी झाली ती सगळी हकिकत लिहिली, माझ्या मीटरसकट. मग आम्ही संशयखोरांनी असा गलका केला की खालच्या मजल्यावरचे काका वर विचारायला आले. त्यांनाही पेढा दिला.

दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर गाठी मारलेल्या तारांचे फोटो यायला लागले. चांदीच्या तारा, जर्मन तारा, सगळ्यांना गाठ. बाबांना घरोघरी बोलावणी आली. खिशात सेल टाकून ते दोन आठवड्यांत अकरा घरी जाऊन आले, आणि आणखी तीन घरी तार उलटी निघाली. त्यातलं एक घर पक्क्या संशयखोराचं होतं, हे मी इथे लिहिते आहे पण ग्रुपवर लिहिलेलं नाही. तिसऱ्या दिवशी एका भाविकाने गाठ सुती दोऱ्याची बांधली तर सूर जास्त मऊ येतात असं लिहिलं, आणि क्षिप्राने त्याला आठवडाभर ग्रुपबाहेर काढलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी घरी परतताना गाडीतच मी फोन काढला. 'ध्वनिवेडे'वर पैज मी जिंकले होते, ते दोन शब्द लिहायची माझ्यावर वेळ आली नव्हती. मी दुसरा ग्रुप उघडला. 'गावदेवी उत्सव, कळवा'. त्यावर आमचं सगळं गाव आहे, पोपटशेठ आहेत, माझे चुलते, मावश्या, शाळेतल्या मैत्रिणी, सगळे आहेत. तिथे मी लिहिलं:

'मी चुकले. बाबांचे कान गेलेत असं मी पोपटशेठना सांगितलं, ते अर्धंच खरं होतं. त्यांना शिट्टी ऐकू येत नाही. बाकी त्यांना ऐकून जे कळतं ते आज मीटर घेऊन मलाही कळलं नाही. यंदा मशीनवर त्यांनाच बसवा. शिट्टी मी बघेन, शेजारी बसून.'

पाठवलं आणि फोन पालथा ठेवला. बाबांनी विचारलं, काय लिहिलंस एवढं. मी वाचून दाखवलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले, आणि मला वाटलं ऐकू आलं नाही की काय. मग त्यांनी माझा हात घेतला आणि कळवा येईपर्यंत सोडला नाही. पोपटशेठचं उत्तर आलं तेव्हा आम्ही खाडीच्या पुलाजवळ पोहोचलो होतो. डीजेला नकार कळवतो, खुर्ची साफ करून ठेवायला लावतो, असं त्यांनी लिहिलं होतं.

जत्रेच्या दिवशी बाबांनी पांढरा सदरा घातला. देवीची पालखी निघायच्या आधी मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले, माझ्या कानांवर शिट्टीची जबाबदारी घेऊन. समोर मैदानात ऋतुराज, क्षिप्रा आणि 'ध्वनिवेडे'तली वीसेक माणसं येऊन उभी होती, भाविक आणि संशयखोर एकत्र. बाबांनी माळ्यावरून आणलेली प्रत्येक तार हाताखालून सरकवली, प्रत्येक टोकाला गाठ चाचपली आणि शेवटची तार मशीनला जोडली. मग माईक हातात घेऊन ते आवाज द्यायला उठले. देवीचं नाव पहिल्यांदा मैदानात गेलं तेव्हा ते सगळ्यांच्या पोटात लागलं.

शिट्टी एकदाही झाली नाही.